चष्म्याचा नंबर काढला, पण पडदा बघितला का?

आमचे अण्णा रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात, निधनवार्ता आणि छोट्या जाहिरातींसकट. मधुमेह निघून अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. डोळ्यांचं काय, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "गेल्याच दिवाळीत नंबर काढलाय." ते खोटंही नव्हतं. दर दोन वर्षांनी ते चष्म्याच्या दुकानात जायचे, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायचे आणि नवी काच बसवून यायचे. मग उजव्या डोळ्याने जरा धुरकट दिसायला लागलं. मोतीबिंदू असणार म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यात औषध टाकलं, अर्ध्या तासाने आत पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे, पण त्याची घाई नाही. पडद्याला सूज आहे, आधी ती बघू. याआधी पडदा कधी तपासला होता?"

कधीच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. दोष कुणाला द्यायचा? दुकानदाराचं काम नंबर काढण्याचं, ते त्याने चोख केलं होतं. पडदा तपासायचा असतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी पडदा म्हणजे कुठला ते

आपल्याकडे "डोळ्यावर पडदा आलाय" म्हणतात ते बहुधा मोतीबिंदूला, नाहीतर बुबुळावर वाढणाऱ्या वेलीला. डॉक्टर पडदा म्हणतात तेव्हा ते रेटिनाबद्दल बोलत असतात. हा पातळ थर डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला लागून असतो. बाहेरून तो दिसत नाही. मोतीबिंदू काढता येतो, वेलही काढता येते. रेटिना बदलता येत नाही. या एका शब्दाच्या घोळापायी किती घरांत "पडदा आलाय, पिकला की काढू" म्हणत वाट पाहिली जात असेल कोण जाणे.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात. काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे येतात, काही ठिकाणी पाणी आणि चरबी बाहेर झिरपते, तर काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त न मिळालेला भाग उपाशी राहतो आणि नव्या वाहिन्या वाढवा, असा रासायनिक निरोप धाडतो. त्या निरोपाचं नाव व्हीईजीएफ. हे नाव लक्षात ठेवा, इंजेक्शनांच्या वेळी पुन्हा येईल. नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यातल्या जेलीत रक्त पसरतं. पुढे तिथे चट्टे तयार होतात, ते आक्रसतात आणि पडद्याला ओढून भिंतीपासून सुटा करतात.

यात दुखत काहीच नाही. शिवाय पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा एक छोटा भाग असतो. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. बिघाड मॅक्युलापासून दूर असेल, तर माणूस पाटीवरची शेवटची ओळ खडाखडा वाचतो. नजर ६/६ आणि आत नव्या वाहिन्या वाढलेल्या, असं घडू शकतं. म्हणून "मला तर नीट दिसतंय" या वाक्याला मधुमेहात काही अर्थ नाही.

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त लोक आहेत. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. म्हणजे साधारण सहा जणांत एक.

पहिली तपासणी कधी

मधुमेह प्रौढपणी निघाला असेल, म्हणजे टाइप २ असेल, तर निदान झालं त्याच महिन्यात पडदा तपासून घ्या. "आत्ताच तर निघालाय" हे कारण चालत नाही, कारण हा आजार निघण्याआधी काही वर्षं गुपचूप अंगात असतो. लहानपणी किंवा तरुणपणी निघणाऱ्या टाइप १ मध्ये सुरुवात ठळक असते, म्हणून तिथे पहिल्या तपासणीला पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. मुलं वयात येत असतील तर डॉक्टर त्याआधीही सांगतात. त्यानंतर वर्षातून एकदा. आम्ही अण्णांच्या वाढदिवसाच्या आठवड्याला ही तारीख बांधून टाकली आहे, त्यामुळे विसरायला जागा उरत नाही.

गरोदरपणाचं वेगळं. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने शक्यतो दिवस राहण्याआधीच पडदा तपासावा, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत. पुढे डॉक्टर बोलावतील तसं बाळंतपणानंतरही जावं लागतं, कारण या काळात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. फक्त गरोदरपणापुरती साखर वाढली असेल तर ही धास्ती नको.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी पडदा बघायला सांगा. सूज तशीच ठेवून ऑपरेशन केलं तर ती नंतर वाढू शकते, आणि मग "ऑपरेशन करूनही दिसत नाही" म्हणून सगळे भिंगाला बोल लावतात. सेमाग्लुटाइडसारखं साखर झपाट्याने उतरवणारं औषध किंवा इन्सुलिन सुरू होणार असेल, तेव्हाही आधी एकदा पडदा दाखवा. खूप वाढलेली साखर झपाट्याने खाली आली की आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. म्हणून औषध टाळायचं असं नाही. डोळ्याच्या आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असलं पाहिजे, एवढंच.

तपासणीच्या दिवशी

सोबत कुणीतरी न्या. बाहुली मोठी करणारं औषध टाकल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यात घुसतो. त्या दिवशी स्वतः स्कूटर चालवत घरी यायचं नाही. गॉगल आणि उन्हाची टोपी न्या, नाहीतर दुपारी बाहेर पडल्यावर डोळे उघडवत नाहीत. जेवणाची आणि गोळ्यांची वेळ चुकवू नका. तपासणीला दोन-तीन तास सहज जातात, आणि इन्सुलिन घेऊन उपाशी बाकावर बसलेल्या माणसाची साखर उतरू शकते. पिशवीत बिस्किटाचा पुडा आणि ग्लुकोज असू द्या. ताजी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), बीपीचे आकडे, किडनीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. काचबिंदूचा त्रास असेल किंवा घरात कुणाला असेल, तर थेंब टाकण्याआधीच सांगा.

आत काय होतं? आधी पाटी वाचायला लावतात, मग डोळ्याचा दाब मोजतात. मग सिस्टर थेंब टाकतात आणि "काका, डोळे मिटून बसा" म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब. बाकावर सगळे डोळे मिटून बसलेले आणि मोबाइल नातेवाइकांच्या हातात, असं दृश्य असतं. अर्ध्या तासाने डॉक्टर तेजस्वी दिव्याने आत बघतात, "वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा." काही ठिकाणी पडद्याचा फोटो काढतात. सूज वाटली तर ओसीटी करतात, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन. त्यात हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे काही सेकंद बघायचं असतं, सुई वगैरे काही नसते. डोळ्याची अँजिओग्राफी (पडद्याच्या वाहिन्यांचे फोटो) सांगितली तर हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचतात, त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते. घाबरू नका, पण किडनीचा त्रास किंवा कशाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासतात, ही ती तपासणी नव्हे. ओळखायचं कसं? डोळ्यात थेंब टाकले का, किंवा पडद्याचा फोटो काढला का? दोन्ही उत्तरं "नाही" असतील तर पडदा तपासलेला नाही.

कागदावर काय लिहिलंय

रिपोर्टमध्ये प्रत्येक डोळ्यापुढे वेगळी नोंद असते, कारण दोन्ही डोळे एकाच पायरीवर असतीलच असं नाही. "एनपीडीआर" म्हणजे पडद्यावर मधुमेहाचा आजार आहे, पण नव्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत. त्याच्या आधी "माइल्ड", "मॉडरेट" किंवा "सिव्हिअर" लिहिलेलं असतं. माइल्डला सहा महिने ते वर्षाने पुन्हा बोलावतात, मॉडरेटला साधारण सहा महिन्यांनी, सिव्हिअरला तीन महिन्यांच्या आसपास. "पीडीआर" म्हणजे नव्या वाहिन्या आल्या, आता पुढच्या सणानंतर बघू असं म्हणायचं नाही. "डीएमई" म्हणजे मॅक्युलाची सूज. ती कुठल्याही पायरीवर येऊ शकते, आणि मधुमेहात नजर कमी होण्यामागे बऱ्याचदा हीच असते.

ओसीटीवर सुजेचा आकडा मायक्रॉनमध्ये येतो. निरोगी डोळ्यात मध्यभागी तो अडीचशेच्या आसपास असतो, पण मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो. म्हणून शक्यतो एकाच ठिकाणच्या मशीनवर करा आणि जुने कागद जपून ठेवा. अण्णांचा पहिला आकडा ४३८ होता. पुढचे सगळे आकडे आईने कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले आहेत.

घरी बघायच्या खुणा

रोज एकेक डोळा झाकून बघायची सवय लावा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकून घेतो. वाचायचा चष्मा लावा, चौकटीच्या वहीचं पान हातभर अंतरावर धरा आणि मधल्या एका ठिपक्याकडे बघा. रेषा वाकड्या दिसतात का? मधला भाग पुसल्यासारखा वाटतो का? अण्णांना हे पहिल्यांदा जाणवलं ते न्हाणीघरात. फरशीची फट मध्येच वाकलेली दिसली, आणि ते गवंड्याला नावं ठेवत बाहेर आले. खुणा दिसल्या नाहीत म्हणून वर्षाची तपासणी चुकवायची मात्र नाही.

या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा: अचानक काळे ठिपके किंवा जाळ्या तरंगू लागणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, एका बाजूने सावली सरकत येणं, एका डोळ्याची नजर एकदम जाणं. लाल डोळा, कपाळापर्यंत जाणारी कळ आणि उलटी असेल तर दाब वाढलेला असू शकतो, तेव्हा रात्र काढू नका. अचानक एकाचे दोन दिसू लागले किंवा पापणी पडली, तर हॉस्पिटलच गाठा. मधुमेहाने डोळा फिरवणारी नस तात्पुरती दुबळी पडते, पण मेंदूचं कारण नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

सगळंच अंधूक दिसतंय आणि सोबत घाम, थरथर आहे? मग आधी शुगर तपासा. ती उतरलेली असेल तर साखरपाणी द्या, बाकीचं नंतर.

एक जरा कमी गंभीर भानगड. साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पाणी धरतं किंवा सोडतं आणि चष्म्याचा नंबर हलतो. नव्याने औषध सुरू झालेल्याला "गोळ्यांनी डोळे बिघडले" असं वाटतं ते यामुळे. साखर स्थिर होऊन महिना-दीड महिना झाल्यावरच नवा चष्मा करा, नाहीतर पैसे वाया. पडदा दाखवायला मात्र थांबू नका.

उपचार सांगितले तर

मॅक्युलाच्या सुजेने नजर कमी झाली असेल तर हल्ली बहुधा डोळ्यात इंजेक्शन देतात. त्या व्हीईजीएफच्या निरोपाला अडवणारी ही औषधं: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट. किमतींत मोठा फरक आहे, आणि स्वस्त म्हणजे निरुपयोगी असं नाही. आमच्या डोळ्यासाठी कुठलं आणि का, असं सरळ विचारा. अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर न विसरता सांगा.

"डोळ्यात सुई" ऐकूनच अर्धे लोक परत फिरतात. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब टाकतात, आयोडिनच्या औषधाने डोळा धुतात आणि बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुईने औषध सोडतात. सुई आत असते काही सेकंद. त्या दिवशी आयोडिनने चुरचुरतं, बुडबुडा तरंगताना दिसतो, कधी पांढऱ्यावर लाल डाग येतो, तो एक-दोन आठवड्यांत जातो. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही. पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, नजर उतरली, लाली वाढली तर त्याच दिवशी परत जायचं. आत जंतुसंसर्ग होणं दुर्मीळ आहे, पण तो तासातासाला वाढतो.

खरी अडचण पुढे येते. हे इंजेक्शन एकदाच देऊन भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग अंतर वाढवत, पहिल्या वर्षात आठ-नऊ लागली तर नवल नाही. दोन झाल्यावर बरं दिसतं, माणूस येणं थांबवतो आणि सूज परत येते. त्यामुळे पहिल्याच भेटीत वर्षाचा खर्च विचारून ठेवा. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या सूचनांनंतर आरोग्य विम्यात डोळ्यातली इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत आली, पण पॉलिसीत वेगळी मर्यादा असू शकते, ती वाचा. सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. उपचार सुरू होण्याआधी, शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यांना भेटा.

नव्या वाहिन्यांसाठी लेझर अजूनही भरवशाचा. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसून आलं की लेझरने दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. तो कडेच्या भागावर, दोन-तीन बैठकांत देतात. त्याने रात्रीचं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. नजर सुधारत नाही, आहे ती टिकते. हे आधी समजून घेतलं नाही तर "लेझर करून काय फरक पडला?" असं होतं. रक्त साठून राहिलं किंवा पडदा ओढला गेला, तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातली जेली काढण्याची शस्त्रक्रिया करतात.

साखर, बीपी आणि बाकीचं शरीर

डोळ्याचे डॉक्टर आत आलेली गळती आवरतात, नळ मात्र आपल्याच हातात असतो. टाइप १ च्या रुग्णांवरच्या १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात, साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. इंग्लंडच्या यूकेपीडीएस अभ्यासात बीपी नीट ठेवल्याने पडदा बिघडत जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं. दुसरा आकडा मुद्दाम सांगतो, कारण शुगर सगळे मोजतात आणि बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून राहते. बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या आसपास आणि बीपी १३०/८० च्या खाली असं लक्ष्य असतं, वय जास्त असेल तर डॉक्टर ते सैल करतात. किडनी, कोलेस्टेरॉल आणि रक्तक्षय यांचंही बघून घ्या. तंबाखू कुठल्याही रूपात असो, बंद.

उपासाबद्दल थोडं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचा लाडू हा उपास साखरेच्या हिशेबात मेजवानीच असतो. निर्जळी करायची तर गोळ्या आणि इन्सुलिनचं आधी विचारा.

पीडीआर किंवा सिव्हिअर लिहिलेलं असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, जोराची कपालभाती, जड वजनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चालणं सुरू ठेवा. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन "डोळ्यात रक्त येईल" म्हणून परस्पर थांबवू नका. आणि मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, कुणीतरी दिलेले थेंब डोळ्यात घालू नका. पडदा डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आहे, तिथवर हे पोचतच नाही. पुढचं बुबुळ मात्र खराब होतं.

नजर आधीच उतरली असेल तर

मोठ्या नेत्र रुग्णालयांत लो व्हिजन विभाग असतो. तिथे भिंगं, दिव्याची योग्य जागा, मोबाइलवर अक्षरं मोठी करणं आणि बोलून वाचून घेणं शिकवतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं, ४० टक्के आणि त्यापुढे असेल तर सवलती लागू होतात. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. पांढऱ्या भातासाठी गडद रंगाचं ताट घ्या.

सगळ्यात जपायचं ते इन्सुलिन. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची, आणि अंधूक नजरेला लाल-केशरी एकच दिसतं. दोन प्रकारचं इन्सुलिन असेल तर एका बाटलीला रबर गुंडाळा. आमच्याकडे आता इन्सुलिनचं पेन आहे. फिरवताना प्रत्येक युनिटला टिक वाजते, पण नुसत्या टिकवर विसंबू नका असं पेनच्या कागदावरच छापलेलं असतं. म्हणून अण्णा टिका मोजतात, आई भिंग धरून आकडा वाचते, आणि दोघांचं जुळलं नाही की पुन्हा शून्यापासून.